क्रोमऐवजी काय? आणि फोनमध्ये आधी काय बदलायचं?

धरमपेठ_कट्टा
अँड्रॉइड १३ चा फोन आहे. क्रोममध्ये कूलरचा पंप आणि खस शोधली की लगेच सगळीकडे कूलरच्याच जाहिराती. इन्कॉग्निटोनंही फरक पडून नाही राहिला. यूपीआय अन् बँकेचं अ‍ॅप बंद पडायला नको. फुकटचं व्हीपीएन टाकलं तर चालेल का?

बर्डीवाला
भाऊ, इन्कॉग्निटो फक्त फोनवरची हिस्ट्री आणि कुकी (साइटनं ओळख ठेवायला फोनवर ठेवलेल्या छोट्या फाइली) पुसतं, तेही टॅब बंद केल्यावर. साइटला आयपी पत्ता (नेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर) दिसतोच, आणि आत लॉगिन केलं की ओळखही पटते.

पहिले ब्राउझर बदला. फायरफॉक्स घ्या, कारण फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं साधन) टाकताच येत नाही. मेनूत एक्स्टेन्शन्समध्ये जाऊन जाहिराती अन् ट्रॅकर अडवणारं 'यूब्लॉक ओरिजिन' टाका. नाव नीट वाचा, नुसतं 'यूब्लॉक' हे वेगळं आहे. त्याच्या फिल्टर लिस्टमध्ये 'अ‍ॅडगार्ड मोबाइल अ‍ॅड्स'वर खूण करा. मग फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग प्रोटेक्शन 'स्ट्रिक्ट' करा आणि 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड' (साइटशी फक्त सुरक्षित जोडणी) चालू ठेवा.

स्ट्रिक्टमुळे कधी कधी बिल भरायचं पान ओटीपीनंतर गोल गोल फिरत राहतं. पेमेंटचं पान दुसऱ्याच डोमेनवरून येतं, म्हणून अडतं. पत्त्याच्या पट्टीतली ढाल दाबून तेवढ्या साइटपुरतं संरक्षण बंद करा. तरीही अडलं तर यूब्लॉकही त्याच साइटपुरतं बंद करा. सगळं काढून टाकू नका. आणि पैसे कटले की नाही ते पाहिल्याशिवाय पान रिफ्रेश करू नका.

संत्रानगरी
यानं ब्राउझरचं काम झालं, बाकीच्या अ‍ॅपचं राहिलं. त्यासाठी 'प्रायव्हेट डीएनएस'. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा; ती कोणाची वापरायची हे इथं ठरवता येतं. ही सोय अँड्रॉइड ९ पासून फोनमध्येच आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये होस्टनेमचा पर्याय निवडून 'डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम' रोमन अक्षरांत, 'डॉट'च्या जागी टिंब देऊन लिहा. पुढे 'एचटीटीपीएस' जोडू नका, सेव्ह होणार नाही. बऱ्याच अ‍ॅपमधल्या जाहिराती यानं थांबतात. यूट्यूबच्या अ‍ॅपमधल्या नाही थांबत, त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात.

एक अडचण हमखास येते. रेल्वे स्टेशन, हॉटेल, कॉलेजच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान उघडावं लागतं आणि ते उघडतच नाही. तिथलं नेटवर्क बाहेरच्या डीएनएसला अडवतं आणि फोन दुसरीकडे विचारायला तयार नसतो. अशा वेळी प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर न्या, लॉगिन करा, मग परत होस्टनेम लावून पाहा. तरी नेट बंदच राहिलं तर त्या वायफायवर ऑटोमॅटिकच ठेवा.

सोबतच गुगलच्या सेटिंगमधल्या 'अ‍ॅड्स'मध्ये जाऊन जाहिरात आयडी (जाहिरातवाले फोन ओळखतात तो क्रमांक) डिलीट करा. एका मिनिटाचं काम आहे.

धरमपेठ_कट्टा
धन्यवाद. अन् व्हीपीएन? यूपीआयच्या परवानग्या काढल्या तर चालेल का?

बर्डीवाला
फुकटचं व्हीपीएन नकोच. व्हीपीएन म्हणजे तुमचं सगळं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणं. आज इंटरनेट कंपनीला जे दिसतं ते उद्या व्हीपीएनवाल्याला दिसेल, एवढाच बदल. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायची आहे. त्यामुळे काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढले.

यूपीआयला नोंदणीच्या वेळी एसएमएस आणि फोनची परवानगी द्यावीच लागते, त्यावरच सिम तपासलं जातं. कॉन्टॅक्ट्सची मात्र काढा, नंबर टाइप करून किंवा क्यूआर स्कॅन करून पैसे जातातच. लोकेशन मागितलंच तर 'अ‍ॅप वापरताना' एवढंच द्या.

संत्रानगरी
कीबोर्डकडेही पाहा, टाइप केलेलं सगळं त्याच्यातूनच जातं. एफ-ड्रॉइडवरचा (मुक्त सॉफ्टवेअरचं प्ले स्टोअरसारखं दुकान) 'हेलीबोर्ड' कीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही. मराठीचा लेआउट मिळतो, पण रोमनमध्ये लिहून देवनागरी करण्याची सोय नाही. ती सवय असेल तर आठवडाभर दोन्ही कीबोर्ड ठेवा.