इस्लामी कायद्याचे मूलस्रोत समजून घेण्यासाठी पहिले पुस्तक कोणते घ्यावे? (मर्यादा ५०० रुपये)

निपाणीचे_गुरुजी
आमच्या वाचक मंडळात पुढच्या महिन्यात मला इस्लामी कायद्याच्या मूलस्रोतांवर चाळीस मिनिटे बोलायचे आहे. कुराण, सुन्ना (पैगंबरांचा आचारपाठ), इज्मा (एकमत) आणि कियास (साम्यावरून काढलेला निष्कर्ष) हे चार शब्द मला माहीत आहेत. परंतु एखाद्या प्रश्नाचा निवाडा करताना या चौघांचा क्रम कसा लागतो आणि ते एकमेकांशी कसे जुळतात, हे मला उलगडलेले नाही. श्रोत्यांत मुस्लिम मित्रही असतील, त्यामुळे ऐकीव माहितीवर बोलण्याची माझी इच्छा नाही. मला मराठी उत्तम आणि कन्नड सावकाश वाचता येते. उर्दू किंवा अरबी येत नाही. खर्चाची मर्यादा पाचशे रुपये आहे. कोणते एक पुस्तक घ्यावे?

खडेबाजारकर
गुरुजी, मूळ ग्रंथाला पर्याय नाही. मी दोन वर्षांपूर्वी बुखारींच्या हदीससंग्रहाचा (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) आठ खंडांचा उर्दू संच साडेतीन हजारांना घेतला, आणि तेव्हापासून आमच्या दिवाणखान्याला जी शोभा आली आहे ती पाहण्यासारखी आहे. सहा मान्यवर सुन्नी संग्रहांत याचे स्थान सर्वांत वरचे आहे. पाचशे रुपयांत असा व्यासंग होत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

निपाणीचे_गुरुजी
आभारी आहे, मात्र मला उर्दू येत नाही, हे मी वर लिहिले होते.

हिडकलकाठ
प्रथम कुराणाचा मराठी अनुवाद घ्यावा. ११४ सुरांचा (अध्यायांचा) हा ग्रंथ सर्व मजहबांना, म्हणजे हनफी, शाफई अशा कायद्याच्या परंपरांना, सारखाच प्रमाण आहे. मात्र टीपा असलेला अनुवादच घ्यावा, कारण टीपा नसलेल्या अनुवादाने माझी चांगलीच फजिती केली आहे. तंबाखूच्या व्यापारातील माझ्या एका स्नेह्याला मिळकतीचा मोठा वाटा थोरल्या मुलीच्या नावे मृत्युपत्राने ठेवायचा होता. दुसऱ्या सुरेतील १८०वी आयत (वचन) आईवडील आणि नातलगांसाठी मृत्युपत्र करण्यास सांगते, तेवढी वाचून मी त्यांना ‘खुशाल करा’ असे सांगून टाकले. पुढे मशिदीतील मौलानांनी शांतपणे समजावले की चौथ्या सुरेत वारसांचे हिस्से ठरवून दिलेले आहेत, ‘वारसासाठी मृत्युपत्र नाही’ अशी हदीस आहे, आणि बाहेरच्या व्यक्तीलाही एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. ती एक तृतीयांशाची मर्यादासुद्धा कुराणात नसून हदीसमधून आलेली आहे. एका आयतीवर निवाडा करू नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

चिकोडीचे_वकील
वरील मजकुरात थोडी भर घालतो. हनफी मतानुसार इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली, तर वारसाच्या नावे केलेले मृत्युपत्रही लागू होऊ शकते. गुरुजींनी सरळ विधी महाविद्यालयात चालणारे मुस्लिम कायद्याचे पाठ्यपुस्तक घ्यावे. माझी प्रत सातशेची होती, दोनशे रुपयांनी काही बिघडत नाही. आपल्या न्यायालयांत जे चालते ते आणि शरियत म्हणजे एकच, असा समज करून घेऊ नये. १९३७ चा शरियत अधिनियम विवाह, तलाक, वारसा अशा ठरावीक बाबींपुरता आहे आणि त्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. आपल्याकडे अर्धे तंटे उसाच्या रानावरून होत असल्यामुळे हे वाक्य विसरू नये. फतव्याला कायद्याचे बंधनकारक बळ नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. मुफ्ती मत देतो आणि काझी निकाल देतो, हा फरक जुन्या ग्रंथांतही होताच.

मुक्काम_खानापूर
कुराणाचा टीपांसहित मराठी अनुवाद घ्यावा, असे मला वाटते.

हिडकलकाठ
मी तेच लिहिले आहे.

आजोळ_रत्नागिरी
गुरुजी, पुस्तकापेक्षा आमच्या घरातील कोळंबी आपल्या अधिक उपयोगी पडेल. माझे वडील बेळगावचे, म्हणून हनफी. आई कोकणातली, म्हणून शाफई. आईच्या माहेरी समुद्रातील जीव खाण्याबाबत मोकळीक आहे, कारण पाचव्या सुरेत सागरातील शिकार वैध म्हटली आहे आणि ‘समुद्राचे पाणी शुद्ध, त्यातील मृतही वैध’ अशी हदीस आहे. हनफी विद्वान याच आधारांकडे पाहून, मासळी आणि टोळ या दोनच मृत जीवांची मुभा सांगणारी दुसरी हदीस पुढे ठेवतात आणि सागरी जीवांपैकी केवळ मासा वैध मानतात. मग कोळंबी हा मासा आहे की नाही, यावर हनफींमध्येच मतभेद आहेत. वडील खात नाहीत, काका खातात, आणि आई दोघांनाही वाढते. असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजाचेही तसेच आहे: वस्तूची सावली दुपारच्या मूळ सावलीखेरीज तिच्या उंचीएवढी झाली की आजोळी वेळ सुरू होते, तर वडिलांकडे ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. ग्रंथ तेच आहेत, परंतु कोणत्या आधाराला किती वजन द्यायचे याची रीत वेगळी आहे, आणि त्या रीतीच्या शास्त्राला उसूल-ए-फिक्ह, म्हणजे फिक्हची (इस्लामी कायदाशास्त्राची) मूलतत्त्वे, म्हणतात. आपल्या व्याख्यानाचा विषय खरे तर हाच आहे.

खडेबाजारकर
कोळंबी हा कीटकवर्गाला जवळचा प्राणी आहे, मासा नव्हे. यात मतभेदाला जागाच नाही.

आजोळ_रत्नागिरी
येथे प्रश्न प्राणिशास्त्राचा नसून अरबी भाषेत आणि लोकांच्या बोलीत ‘मासा’ कशाला म्हणतात याचा आहे. लोकरूढीला, म्हणजे ‘उर्फ’ला, फिक्हमध्ये स्थान आहे ते अशाच ठिकाणी.

कित्तूर_रस्ता
एक सावधगिरी सांगतो. मी एका कार्यक्रमात ‘ज्ञान मिळवण्यासाठी चीनपर्यंत जा’ ही हदीस मोबाइलवर आलेल्या संदेशातून उचलून मोठ्या आवाजात सांगितली. पहिल्या रांगेतील वृद्ध हाफिजसाहेब कार्यक्रम संपेपर्यंत काही बोलले नाहीत आणि नंतर चहाच्या वेळी त्यांनी विचारले, ‘सनद कोणती?’ ती हदीस कमकुवत, काहींच्या मते तर बनावट मानली जाते, हे मला तेव्हा कळले. कोणी कोणाकडून ऐकले ती साखळी, म्हणजे सनद, तपासून हदीसला सहीह (विश्वसनीय), हसन (त्याखालोखाल) किंवा जईफ (कमकुवत) ठरवतात. गंमत अशी की येमेनला निघालेल्या मुआज या सहकाऱ्याला पैगंबरांनी ‘निवाडा कशाने करशील’ असे विचारल्याची, आणि त्यांनी ‘कुराणाने, नंतर सुन्नाने, नंतर स्वतःच्या विचाराने’ असे उत्तर दिल्याची जी हदीस हा क्रम सांगताना सर्रास देतात, तिची साखळीही अखंड नाही, असे हदीसच्या जाणकारांनी नोंदवलेले आहे. गुरुजींनी ती सांगावी, परंतु ही पुस्ती जोडून सांगावी.

मुक्काम_खानापूर
आधी हदीससंग्रह झाले आणि त्यांवरून चार इमामांनी मजहब बनवले, असाच क्रम ना?

कित्तूर_रस्ता
नाही. हनफी मजहबाचे इमाम अबू हनीफा ७६७ मध्ये वारले आणि बुखारींचा जन्म ८१० चा आहे. हदीस आधीपासून तोंडी आणि टिपणांतून चालत होत्या. मोठे संग्रह नंतर सिद्ध झाले. स्रोतांच्या क्रमाची शिस्तबद्ध मांडणी इमाम शाफई यांनी केली, आणि ते ८२० मध्ये वारले. त्याआधी इमाम मालिक हे मदिनेतील लोकांच्या चालत आलेल्या आचरणालाच मोठा आधार मानत. इज्मा म्हणजे नेमके कोणाचे एकमत, यावरही बराच वाद झाला आहे. शिया जाफरी परंपरा तर चौथ्या स्थानी कियासऐवजी ‘अक्ल’, म्हणजे बुद्धी, ठेवते.

चिकोडीचे_वकील
कियास समजावण्यासाठी दारूचे उदाहरण द्यावे. कुराणात ‘खम्र’ निषिद्ध आहे. निषेधाचे कारण नशा, आणि तेच कारण दुसऱ्या पदार्थात आढळले की तोच हुकूम त्यालाही लागू होतो. आम्ही न्यायालयात पूर्वीच्या निकालावरून युक्तिवाद करतो, तो याच जातीचा.

कित्तूर_रस्ता
उदाहरण सोपे आहे, परंतु ‘प्रत्येक मादक पदार्थ खम्र आहे’ अशी हदीस असल्यामुळे पेयांच्या बाबतीत कियासची गरजच नाही, असे पुष्कळ विद्वान म्हणतात. अफूचे उदाहरण दिलेत, तर हाफिजसाहेब आपल्याला चहाला थांबवणार नाहीत.

निपाणीचे_गुरुजी
सर्वांचा मनापासून आभारी आहे. संच, अनुवाद आणि पाठ्यपुस्तक, तिन्हींचा विचार केला आणि तिन्ही घेतले नाहीत. गुरुवारच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर फिक्हची ओळख करून देणारी एक कन्नड पुस्तिका साठ रुपयांना मिळाली. कन्नड सावकाश वाचावे लागते, त्यामुळे प्रत्येक वाक्यापाशी थांबणे होते, आणि या विषयाला ते मानवते आहे. अडलेल्या जागा आमच्या गल्लीतील पेश इमामसाहेबांना विचारतो. ते माझ्या मुलाच्या वर्गातले निघाले आणि मला अजून ‘सर’ म्हणतात. व्याख्यानाची सुरुवात कोळंबीने करणार आहे. आजोळ_रत्नागिरी यांची परवानगी असावी.

आजोळ_रत्नागिरी
परवानगी आहे. मात्र काका खातात, हे वडिलांच्या ओळखीच्या लोकांसमोर सांगू नये.

खडेबाजारकर
साठ रुपयांच्या पुस्तिकेने काय होणार, हे मी व्याख्यानाला येऊन पाहीन. कोणाला आठ खंडांचा संच अडीच हजारांत हवा असल्यास कळवावे. एकही पान दुमडलेले नाही.