पाचवा महिना, एचबी ९.४ आणि घरात चालायला बंदी

तिसरंगेट_वाली
नमस्कार, पहिलीच वेळ आहे माझी, पाचवा लागलाय. सासर बेळगावात, टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, माहेर महाराष्ट्रात चंदगडकडं. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं तर एचबी (हिमोग्लोबिन) ९.४ आलं. डॉक्टर म्हणाल्या ११ च्या वर पाहिजे, गोळ्या नीट घे, जेवण नीट घे आणि रोज चालायला जा. एवढं बोलून पुढचा पेशंट. बाहेर बाकावर बसायला जागा नव्हती एवढ्या बायका, मी तरी अजून काय विचारणार.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणतात रक्त आधीच कमी, त्यात चालून अजून आटवणार काय? पडून रहा गप. नवरा आमच्या दोघींच्या मधे बसून मोबाईल बघतोय. लग्नाआधी मी मामाकडं राहून जॉब करायची तेव्हा रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात चांगली तासभर चालायची, आता दिवसभर सोफा आणि टीव्ही, आणि दर दीड तासाला कोण ना कोण ताट पुढं करतंय, दोन जीवांची आहेस खा म्हणून. परवा मामेसासरे किलोभर कुंदा (आमच्या बेळगावची दुधाची मिठाई) घेऊन आले. मला गोड आवडतं हीच तर अडचण आहे!!

तर किती चालायचं, आता पाऊस लागलाय त्यात काय करायचं, आणि लोखंडाच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, शी काळी होते, हे नॉर्मल आहे काय? खरं सांगायचं तर आठ-दहा गोळ्या देवघराच्या ड्रॉवरमध्ये तशाच पडल्यात, कापसाच्या वातींच्या खाली. कुणाला सांगू नका.

खानापूरची_सून
सगळ्यात आधी एक सांग, गोळी कधी घेतेस? कशाबरोबर?

तिसरंगेट_वाली
सकाळी नाष्टा झाला की चहाबरोबर. कॅल्शियमची पण तेव्हाच, म्हणजे एकदाच काय ते संपतं.

खानापूरची_सून
तिथंच सगळं गेलं बघ. चहातल्या त्या तुरट घटकानं लोह अंगाला लागत नाही आणि कॅल्शियम बरोबर घेतलं तर ते पण आडवं येतं. म्हणजे तू गोळी गिळतेस आणि वर स्वतःच्या हातानं दार लावून घेतेस. मी अंगणवाडीत आहे, तालुक्यात, आमच्याकडं दहातल्या सात जणी हेच करतात (आकडा मी अंदाजानं म्हणतेय हां, कुणी मोजलेला नाही). जेवण झाल्यावर दीड-दोन तासांनी लोहाची गोळी घे, पाण्याबरोबर, वर अर्धं लिंबू पिळलेलं पाणी नाहीतर पेरूची फोड. चहा-कॉफी त्याच्या आधी तासभर नको, नंतर तासभर नको. कॅल्शियमची वेगळी, जेवणाबरोबर, सरकारी हिशोबात ५०० मिलिग्रॅमच्या दोन असतात दिवसाला. लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, ती चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस घ्यायची असते. तुझं ९.४ म्हणजे डॉक्टर कदाचित दिवसाला दोन सांगतील, पण स्वतःच्या मनानं वाढवू नको.

काळी शी नॉर्मल आहे, घाबरू नको. मळमळ फार होत असेल तर रात्री झोपताना घे. पोट साफ होत नाही त्याला पाणी, पालेभाजी, आणि तेच चालणं जे तुझ्या घरात बंद आहे. आणि वातीखालच्या गोळ्या बाहेर काढ, देवाला ॲनिमिया नाहीये.

निपाणीकर_८९
मी पुरुष आहे, बोलू काय? 😅 बायकोच्या वेळी सगळं शिकलो म्हणून सांगतो. आमच्याकडं बीट आणि डाळिंबाचा मारा चालला होता, लाल म्हणजे रक्त वाढतं म्हणून. बीट वाईट नाही पण रंगावर जाऊ नका. त्यापेक्षा मसूर, मटकी, हरभरा, नाचणी, राजगिरा, शेंगदाणे, अंडं, खात असाल तर मटण. मोड आलेली मटकी उसळ करून वर लिंबू पिळलं की झालं. लोखंडी कढईत भाजी केली की थोडं लोह उतरतं, चिंच किंवा टोमॅटो घातलेल्या भाजीत जास्त. कलेजी मात्र रोज नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

अजून एक, इथं कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. आमची आई पूर्वी विड्या वळायची, घरातच तंबाखूचं पोतं, त्या धुळीत आम्ही वाढलो. वहिनी पोटुशी होती तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं ते काम लांब ठेवा, हातातून पण अंगात जातं. आणि मिसरी, म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार वेळा मिसरी लावणाऱ्या बायका आहेत आमच्या गल्लीत, पोटात बाळ असताना पण. बाळाचं वजन कमी भरतं त्यानं. ताई तुम्ही लावत नसाल, पण वाचणाऱ्यांपैकी कुणी लावत असेल तर लाज न धरता डॉक्टरांना सांगा.

वडगावची_आज्जी
अगं पोरी, तुझी सासू काय म्हणते ते मला चांगलं कळतंय, आमच्यावेळी सगळ्यांनी असंच सांगितलेलं. आणि दुसरीकडं त्याच सासवा म्हणायच्या आम्ही मागावर बसलो नवव्या महिन्यापर्यंत, कुठं काय झालं. म्हणजे दुसऱ्याची सून असली की काम कर आणि आपली असली की पडून रहा 😂 मी पण बसले की मागावर, कळा सुरू झाल्या तसं उठले. पण खरं सांगू, आमच्या गल्लीतल्या ज्या बाळंतपणात गेल्या त्यांना कोण मोजतंय? ज्या राहिल्या त्याच आता सांगुलाल्यात आम्हाला काय झालं नाही म्हणून.

चालून रक्त कमी होत नाही ग. मुंगी मेली तरी सासूला दोष लावायचा नाही एवढं ध्यानात ठेव आणि तिलाच बरोबर घेऊन जा. चालायला म्हणू नको, भाजी आणायला जाऊया म्हण.

शहापूर_फिजिओ
फिजिओथेरपी करते, गरोदर बायकांचे बरेच सेशन घेते म्हणून थोडं सविस्तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात काही अडचण नसलेल्या गरोदर बाईला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. तुझं एचबी कमी आहे आणि तू दोन-तीन महिने बसून आहेस म्हणून सरळ अर्ध्या तासावर जाऊ नको, १० मिनिटं सकाळी, १० संध्याकाळी, आठवड्याभरानं वाढव. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये एवढाच वेग. बोलताना धाप लागली तर हळू हो.

पावसाबद्दल, बेळगावचा जुलै म्हणजे विचारायला नको, शेवाळावरून घसरून पडण्यापेक्षा घरातच हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारलेल्या बऱ्या. भिंतीला पाठ टेकून थोडं खाली बसून उठणं, खुर्चीत बसून घोटे फिरवणं, मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, हे सगळं चालतं. पाठीवर उताणं झोपून करायचे व्यायाम आता बंद, मोठ्या शिरेवर दाब येऊन चक्कर येते. झोपताना पण कुशीवर, डावी जमली तर डावी. आणि लघवीची जागा आत ओढून धरायचा व्यायाम आत्तापासूनच सुरू कर, दहा मोजून सोडायचं, हे कुणी सांगत नाही आणि बाळंतपणानंतर शिंकलं की सगळ्या रडतात.

मात्र चालताना रक्त दिसलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, छातीत दुखलं, चक्कर आली, पोट ठराविक वेळानं आवळायला लागलं, एका पोटरीत सूज येऊन दुखलं किंवा डोकं भणभणायला लागलं तर थांब आणि लगेच डॉक्टर. वार (प्लासेंटा) खाली आहे असं सांगितलं असेल किंवा पिशवीला टाका घातला असेल तर यातलं काहीच विचारल्याशिवाय करू नको.

तिसरंगेट_वाली
बाई बाई केवढं लिहिलंत सगळ्यांनी 🙏 वार वर आहे म्हणाल्यात स्कॅनमध्ये. कुंद्याचं पण सांगा की कुणीतरी. आणि पपई? सासूबाईंनी घरात पपई आणायलाच बंदी केलीय.

खानापूरची_सून
कच्ची पपई नको, तिच्या चिकामुळं. पूर्ण पिकलेली दोन फोडी खाल्ल्यानं काही होत नाही, पण एका फळावरून घरात रोज वाद कशाला, पेरू खा.

कुंदा चमचाभर खा, किलोभर नको. आता पाचवा-सहावा म्हणजे साखरेची टेस्ट होईल तुझी, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला डायबेटीस धरतात. ते पाणी इतकं गोड असतं की त्या दिवशी कुंद्याची हौस फिटते. दोन जीवांचं खा म्हणजे दुप्पट नाही ग, आता दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि एक अंडं. बस. आणि आपल्या कर्नाटकात मातृपूर्ण योजना आहे २०१७ पासून, अंगणवाडीत गरोदर बाईला दुपारचं गरम जेवण, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की. टिळकवाडीतल्या बायका लाजतात यायला, आमच्याकडं शेतातून येतात आणि गप्पा मारत जेवतात. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड, काढलंयस ना?

तिसरंगेट_वाली
काढलंय, पण सगळं कन्नडमध्ये. मला जेमतेम वाचता येतं आणि बाळंतपणाला जाणार चंदगडला. तिकडच्या डॉक्टरला ते कार्ड दाखवलं तर वहीसारखं उलटंपालटं करून परत दिलं.

खानापूरची_सून
हे आमच्याकडं रोजचंच आहे, माहेर महाराष्ट्रात आणि नोंद इकडं. आशाताईला सांग, प्रत्येक भेटीचं बीपी, वजन, एचबी, टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) सुयांच्या तारखा इंग्रजीत वहीच्या मागच्या पानावर लिहून द्यायला. रिपोर्टचे फोटो मोबाईलमध्ये ठेव आणि नवऱ्याच्या मोबाईलमध्ये पण, बघू तरी काय बघतोय तो त्यात. कुठल्या महिन्यात जाणार ते तिकडच्या आशाला आधी कळव, ऐन वेळी नाही. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, दोन्ही राज्यात.

तिसरंगेट_वाली
महिन्यानं लिहितेय. एचबी १०.३. गोळी आता रात्री साडेदहाला घेते, लिंबूपाण्याबरोबर, ड्रॉवर रिकामा. साखरेची टेस्ट पण झाली, १२२ आली.

आज्जी, तुमचं ऐकलं. सासूबाईंना म्हणलं एकटीनं भाजीला जायला भीती वाटते. आता रोज संध्याकाळी पाऊस थांबला की दोघी दुसऱ्या गेटापर्यंत जाऊन येतो, पहिल्या दिवशी रिक्षानं परत आलो, आता चालतच. वाटेत त्या त्यांच्या नणंदेच्या १९८४ च्या लग्नातल्या मानपानापासून सुरू करतात आणि घर येईपर्यंत थांबत नाहीत. धाप त्यांना लागते, मला नाही. पपई अजून बंदच आहे.