प्रति: वायफाय दिसतंय पण नेट नाही
"पिन घालून रिसेट मारा, सगळं ठीक होईल" हा वरचा सल्ला जरा जपून घ्या. राउटर रीस्टार्ट करणं (नुसतं बंद-चालू) वेगळं आणि रिसेट (सगळी सेटिंग पुसणं) वेगळं. रिसेट केलं की पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीने दिलेलं लॉगिनचं युजरनेम-पासवर्डपण उडतं, ते कुठे लिहून ठेवलेलं नसेल तर मग बसा कस्टमर केअरचं संगीत ऐकत.

मोडेमकडून येणारी केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्येच (बाहेरच्या नेटसाठीच्या खाचेत) आहे का बघा म्हणालात ते मात्र बरोबर. माझी होती, दिवेही सगळे हिरवे, तरी नेट शून्य. दोन संध्याकाळी डोकं खाल्ल्यावर राउटरच्या स्टेटस पेजकडे लक्ष गेलं, तर वॅन आयपी (मोडेमच्या बाजूने राउटरला मिळालेला पत्ता) १९२.१६८.१.५ आणि राउटरचा घरातल्या बाजूचा स्वतःचा पत्ता, म्हणजे लॅन आयपी, १९२.१६८.१.१. म्हणजे मोडेम आणि राउटर दोघंही १९२.१६८.१ हीच मालिका धरून बसलेले, मग राउटरला कळणार कसं की डेटा बाहेर धाडायचा की घरातच फिरवायचा. लॅन आयपी बदलून १९२.१६८.२.१ केला, राउटर रीबूट झाला आणि फोनवर अडकलेले मेसेज धडाधड पडायला लागले (यानंतर राउटरची सेटिंग उघडायला ब्राउझरमध्ये हा नवा पत्ता टाकायचा, मी जुनाच टाकून परत घाबरलो होतो). लॅपटॉप थेट मोडेमला लावला की नेट चालतं आणि राउटर मधे आला की बंद, असं होत असेल तर आधी हेच तपासा.