बेसचा रेझिस्टर एकदा बघा

एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये तुमचा ट्रान्झिस्टर इन्व्हर्टर (इनपुट उलटवणारं सर्किट) बेसमधून अवाढव्य करंट दाखवतोय, आणि त्यावर ट्रान्झिस्टरचं मॉडेल बदलण्याचा सल्ला वर आलाय, पण थांबा जरा. आउटपुट नीट उलटतंय आणि बेसमधून मात्र हजारो अँपिअर वाहतायत, म्हणजे ट्रान्झिस्टर बिचारा निर्दोष आहे. तुम्ही बेसच्या (ट्रान्झिस्टरच्या कंट्रोल टोकाच्या) रेझिस्टरला '१एम' लिहिलंय. एलटीस्पाइस त्याला मेगा (दहा लाख) नाही, मिली (हजारावा भाग) समजतं. कॅपिटल-स्मॉल त्याच्या खिजगणतीतच नाही! मेगासाठी 'मेग' लिहावं लागतं.

पण नुसतं 'मेग' करूनही भागणार नाही. ५ व्होल्ट इनपुटला बेस करंट जेमतेम ४ मायक्रोअँपिअर, बीटा (बेस करंट किती पट होतो तो आकडा) १०० धरला तर कलेक्टरला, म्हणजे आउटपुटच्या टोकाला, ०.४ मिलिअँपिअर. कलेक्टरच्या १ किलोओहमवर ०.४ व्होल्टच पडणार, आउटपुट शून्याजवळ यायच्या ऐवजी साडेचार व्होल्टच्या वरच लटकेल. बेसला सरळ १० किलोओहम टाका. सॅच्युरेशनला (ट्रान्झिस्टर पूर्ण चालू व्हायला) तेवढं पुरतं.