अजिंठा-वेरूळ-देवगिरी दोन दिवसांत: क्रम कसा लावावा?

प्रश्न:
कॉलेजच्या इतिहास मंडळाची सहल ठरते आहे. ४० मुलं-मुली, तीन शिक्षक, एक बस. शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरला मुक्कामी पोहोचू, रविवारी रात्री परत. अजिंठा, वेरूळ, देवगिरी आणि बिबी का मकबरा बसवायचं आहे. मुलांना लेणी वाचता यावीत, नुसते फोटो नकोत. काय आधी, काय गाळावं?

प्रतिसाद १:
मकबरा गाळा. शनिवार पूर्ण अजिंठ्याला द्या. अंतर साधारण १०० किमी आहे, सहाला निघा. तुमची बस फर्दापूर फाट्यावरच थांबते, पुढचे चार किमी तिथल्या बसने. ४० जण एका फेरीत मावतीलच असं नाही, तो वेळ धरून चाला.

रंगचित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडतात, श्वासाच्या दमटपणाने चित्रं खराब होतात म्हणून. त्यामुळे दोन गट करा. एक गट लेणं क्र. १ पासून, दुसरा थेट क्र. २६ मधल्या महापरिनिर्वाणाच्या (पहुडलेल्या बुद्धाच्या) शिल्पापासून उलटा. नाडीचे बूट नकोत. बऱ्याच लेण्यांपाशी काढावे लागतात आणि ४० जणांच्या नाड्यांत तासभर जातो. फ्लॅशला बंदी आहे. आत गेल्यावर दोन मिनिटं गप्प उभं राहा, डोळे सरावल्याशिवाय क्र. १ मधलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र दिसतच नाही.

प्रतिसाद २:
वरच्यात एक भर. क्र. २४ चुकवू नका. गाईड बहुधा पुढे नेतात, कारण ते अर्धवट आहे. पण लेणं खोदतात कसं हे तिथेच कळतं: खांबांचे ओबडधोबड ठोकळे तसेच उभे आहेत. दोन्ही गटांनी रंगचित्रांआधी तिथे जाऊन यावं, थोडी चाल वाढली तरी.

मग क्र. १७ मध्ये चित्राचा मध्य सोडून तुटलेली कड पाहायला सांगा. खडबडीत कातळ, त्यावर भुसा आणि तंतू घातलेला मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. रंग कोरड्या पृष्ठभागावर दिलाय, म्हणून हे खरं फ्रेस्को (ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं चित्र) नव्हे. काही चित्रं पिवळट दिसतात, त्याला निजामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी दिलेला लाखेचा लेपही कारणीभूत आहे.

क्र. १० मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८१९ मध्ये खांबावर कोरलेलं नाव शोधायला लावा. आज ते हात पोहोचणार नाही इतकं वर आहे. का, ते मुलांनाच विचारा. तेव्हा लेण्यात ढिगारा साचला होता, तो त्यावर उभा होता. चित्रांची नासधूस आणि ढिगाऱ्याचा पुरावा, दोन्ही एकाच जागी.

प्रश्नकर्ता:
फार उपयोगी. रविवारी वेरूळ आधी की देवगिरी?

प्रतिसाद १:
देवगिरी आधी, दार उघडताच. चढ उन्हात दमवतो, आणि अंधारीत (किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत) गर्दी झाली की पायऱ्यांवर रांग अडकते. तिथे टॉर्च हवाच, वटवाघळं आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी चांद मिनारपाशी थांबावं.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख, दुपारनंतर ऊन आत शिरतं. दीडच्या सुमारास पोहोचलात तर बरोबर. आधी लेणं क्र. ३२, म्हणजे जैन इंद्रसभा, मग बौद्ध क्र. १०, शेवटी क्र. १६ चं कैलास मंदिर. कैलासात कळसापासून खाली पाहत या, कारण खोदकाम त्याच क्रमाने झालं. दक्षिण बाजूला रावण कैलास पर्वत हलवतोय तो शिल्पपट आहे, त्याच्यापुढे पंधरा मिनिटं तरी ठेवा. सहल लांबली तर लक्षात असू द्या: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.