मदत हवी आहे: मुलीच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांना थोडी कमी पडतेय

१२ नोव्हेंबरला आम्ही सिंगापूरला जातोय, तिथून मलेशिया. मुलगी नऊ वर्षांची. तिचा पासपोर्ट ३ मेपर्यंतचा आहे (लहान मुलांना पाचच वर्षांचा मिळतो). दोन्ही देशांना प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक लागते, म्हणजे नऊ दिवस कमी. "नऊ दिवसांनी काय होतंय" असं घरात दोघातिघांनी ऐकवलं, पण चेक-इन काउंटरवरच अडवतात, त्यामुळे तो जुगार नको. तिकिटं काढलीत, रिफंड मिळणार नाही. व्हिसाचा अर्ज अजून केलेला नाही, नवा पासपोर्ट आला की त्याच्या नंबरवरच करू.

री-इश्यूचा फॉर्म पासपोर्ट सेवाच्या साइटवर भरून ठेवलाय. अडलंय ते ॲनेक्शर डीपाशी (मुलांच्या पासपोर्टसाठी पालकांच्या संमतीचा कागद). त्यावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, आणि नवरा मस्कतला आहे, ऑक्टोबरअखेरीशिवाय येत नाही. हेल्पलाइनला फोन केला तर एकदा "स्कॅन चालेल", एकदा "ओरिजिनलच आणा". शिवाय जुन्या पासपोर्टवर नाशिकचा पत्ता आहे, आता आम्ही पुण्यात. माझ्या आणि नवऱ्याच्या पासपोर्टवर पुण्याचाच पत्ता आहे, दोघांचेही चालू आहेत.

वडील परदेशात असताना अलीकडे पुण्यात कुणी मुलांचा पासपोर्ट री-इश्यू केलाय का? त्यांनी सही करून कुरियरने पाठवलेला कागद चालला, की मस्कतच्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घ्यावा लागला? आणि पत्ता बदलल्यामुळे मुलीचं पोलीस व्हेरिफिकेशन निघालं का?