पिकअप निवडताना टोइंगचा आकडा बाजूला ठेवा, पेलोड बघा

ओझेकरी (धागाकर्ता)

टोयोटाची हायलक्स घेऊ की फोर्डची रेंजर, इसुझूची डी-मॅक्स बरी की मित्सुबिशीची ट्रायटन, असं कुणी विचारलं की चर्चा लगेच ३५०० किलोवर येते. "ही साडेतीन टन ओढते." अहो, हायलक्स, रेंजर, अमारोक, डी-मॅक्स, ट्रायटन, नवारा या सगळ्यांच्या डिझेल फोर बाय फोर डबल कॅब बहुतेक बाजारांत ब्रेकवाला ट्रेलर ३५०० किलोपर्यंतच ओढतात. सगळ्यांचा आकडा एकच असेल तर त्यावरून निवड कशी करणार?

निवड ठरते पेलोडवर, म्हणजे गाडीच्या अंगावर किती वजन चढवता येतं त्यावर. माहितीपत्रकात हा आकडा साधारण एक टनाच्या आसपास असतो आणि वाचून वाटतं की भरपूर झालं. आता हिशोब मांडू. ३५०० किलोचा ट्रेलर जोडला की त्याच्या साधारण १० टक्के भार हुकावर दाबतो. तो ३५० किलो गाडीच्याच खात्यात जातो, उरले ६५०. ८० किलोची पाच माणसं म्हणजे ४०० किलो, उरले २५०. कॅनपी (हौद्यावरचं टप) ८०, पुढचा लोखंडी बंपर ६०, टो-बार ३०, उरले ८०. साठ लिटर पाणी घेतलं की राहिले २० किलो. अजून तंबू, हत्यारपेटी, जादा चाक काहीच चढवलेलं नाही.

दुसरी मेख त्याहून मोठी आहे. गाडी आणि ट्रेलर मिळून किती वजन चालेल याची वेगळी मर्यादा असते, आणि ती बऱ्याच मॉडेलांत दोन्ही आकड्यांच्या बेरजेपेक्षा कमी असते. समजा गाडीचं कमाल वजन ३१०० आणि ट्रेलर ३५००, बेरीज ६६००. पण एकत्रित मर्यादा ६०००. म्हणजे पूर्ण ट्रेलर ओढायचा तर गाडीतून ६०० किलो उतरवा. जाहिरातीत साडेतीन टन ठळक छापतात, हा आकडा मात्र तक्त्यात शोधावा लागतो.

वजन कुठे बसतं हेही तितकंच महत्त्वाचं. डबल कॅबचा हौदा जेमतेम दीड मीटर लांब, आणि त्याचा बराच भाग मागच्या अॅक्सलच्या पलीकडे. त्याच्याही मागे हुक. गाडी मागून बसते म्हणून लोक पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) एअरबॅग, म्हणजे हवेची उशी, घालतात. पाटा आपला भार चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) दोन ठिकाणी देतो, पुढच्या आणि मागच्या टोकाला. एअरबॅग तोच भार मधल्या एका बिंदूवर ढकलते. गाडी दिसायला सरळ उभी राहते, पण खड्ड्यात आपटली की चेसिस नेमकी तिथेच, कॅब आणि हौद्याच्या मधल्या फटीजवळ वाकते. अशा वाकलेल्या डबल कॅब जवळपास प्रत्येक कंपनीच्या निघाल्या आहेत. मुळात दोष जास्तीच्या वजनाचा आहे.

म्हणून माझं मत: ज्या मॉडेलचा पेलोड आणि एकत्रित मर्यादा मोठी, ते घ्या, आणि त्यातली साधी आवृत्ती घ्या. वरच्या आवृत्तीत प्रत्येक सोय वजन वाढवते आणि ते तुमच्या पेलोडमधून वजा होतं. रेंजर रॅप्टर हे याचं टोक. उड्या मारायला फार सुंदर गाडी, पण टोइंग २५०० किलो आणि पेलोड एक टनाच्या बराच खाली.

लांबपल्ला

हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. साडेतीन टनांची गाडी घेणारे सगळे साडेतीन टन ओढत नाहीत. बहुतेकांचा ट्रेलर किंवा बोट दोन-अडीच टनांची असते. हुकावरचा भार मग २००-२५० किलोवर येतो आणि तुमचं गणित एकदम सैल होतं. वरचा आकडा हा राखीव दम असतो, आणि दम हवाच.

आकडे सारखे असले तरी गाड्या सारखं ओढत नाहीत. हायलक्सचं २.८ लिटर इंजिन ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर टॉर्क देतं, डी-मॅक्सचं ३ लिटर ४५०, रेंजर आणि अमारोकमधलं ३ लिटर व्ही६ (सहा सिलिंडरचं) ६००. लांब चढावर अडीच टन मागे असताना हा फरक पायाला कळतो. व्ही६ एका गिअरवर शांत चढत राहतं. चार सिलिंडरवाली गिअर पाडत, आवाज करत, तापत चढते.

आणि व्हीलबेसबद्दल (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराबद्दल) तुम्ही काहीच बोलला नाहीत. हायलक्स ३०८५ मिलिमीटर, डी-मॅक्स ३१२५, रेंजर ३२७०. ट्रेलर डुलायला लागतो तेव्हा लांब व्हीलबेस गाडीला सरळ धरून ठेवतो. पेलोडच्या तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही. मी व्ही६ रेंजरच घेईन.

पाटेवाला

धागाकर्त्यांशी सहमत, व्ही६शी नाही. ६०० न्यूटन मीटर कुणाला नको? पण तो टॉर्क, दहा गिअरचा ऑटोमॅटिक, ढीगभर सेन्सर हे सगळं वॉरंटी संपल्यावरही चालतं ठेवायचं असतं. पिकअप ही कामाची वस्तू आहे. ती दहा-पंधरा वर्षं राबली पाहिजे.

डी-मॅक्सचं ३ लिटर इंजिन ४५० न्यूटन मीटरच देतं, पण एवढ्या मोठ्या आकारातून एवढीच ताकद काढली की इंजिनावर ताण कमी पडतो. इसुझूचा पिंड हलक्या-मध्यम ट्रकांचा आहे आणि ते जाणवतं. माझदाला २०२० मध्ये आपली पिकअप बीटी-५० नवी करायची होती तेव्हा त्यांनी फोर्डची साथ सोडून डी-मॅक्सचाच पाया घेतला. हायलक्स १९६८ पासून आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि कुठल्याही मेकॅनिकने ती उघडलेली असते. लांबच्या, एकट्या वाटेवर याच्याइतकी मोठी सोय दुसरी नाही.

मागचे पाटे कडक लागतात हे मान्य. पण पान तुटलं तर पान बदलता येतं. स्वतंत्र सस्पेन्शनमधला चाक धरणारा दांडा, म्हणजे कंट्रोल आर्म, वाकला तर रस्त्याकडेला कसा सरळ करणार?

मागची_सीट

तिघेही भरलेल्या गाडीबद्दल बोलताय. पिकअप बहुतेक वेळ रिकामी धावते! शाळा, ऑफिस, बाजार, पाऊस. त्या वेळची गाडी कशी आहे यावर कुणी एक ओळ लिहिली नाही, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यांना ती रोज सोसावी लागते.

एक टनासाठी लावलेले पाटे रिकाम्या हौद्याखाली दाबलेच जात नाहीत. खड्डा आला की मागचं चाक उडतं. वळणावर खड्डा आला की चाक उडता उडता बाजूला सरकतं. त्यात बहुतेक साध्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या अॅक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा सेंटर डिफरन्शियल नसतो, त्यामुळे डांबरावर फोर-हाय (चारही चाकं फिरवणारी स्थिती) टाकता येत नाही. वळताना पुढचे-मागचे अॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्समिशन पिळलं जातं. म्हणजे ओल्या रस्त्यावर तुम्ही हलक्या मागच्या टोकाची, फक्त मागची चाकं फिरणारी गाडी चालवता. हायलक्सचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगते, २०१६ मध्ये तेक्निकेन्स व्हार्ल्ड या स्वीडिश मासिकाच्या अचानक-वळण चाचणीत ती दोन चाकांवर उचलली गेली होती. २००७ मध्ये आधीच्या हायलक्सचंही तेच झालं होतं. कंपनीला स्थैर्यप्रणाली सुधारावी लागली. लेकरं बसवताना मी सुट्या भागांच्या आधी हे बघते.

माझी निवड, जिथे मिळते तिथे, होंडा रिजलाइन. मोनोकॉक बॉडी (कारसारखी, वेगळ्या चेसिसशिवाय), मागे स्वतंत्र सस्पेन्शन, हौद्याच्या तळाखाली कुलपाची डिकी, आणि फाळका खालीही उघडतो, दारासारखा बाजूलाही. चार फूट रुंद प्लायवूड चाकांच्या कमानींमध्ये सपाट बसतं, जे कितीतरी 'खऱ्या' पिकअपमध्ये बसत नाही. शिडीसारख्या वेगळ्या चेसिसचीच हवी असेल तर ट्रायटन बघा. तिच्या सुपर सिलेक्ट या फोर बाय फोर यंत्रणेत सेंटर डिफरन्शियल आहे, पावसात डांबरावरही चारही चाकं फिरवता येतात.

पाटेवाला

@मागची_सीट, ट्रायटनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. रिजलाइनचा नाही. लो-रेंज (हळू पण जोरात ओढणारा) गिअर नाही, टोइंग २२६८ किलोवर संपतं. चिखलातल्या चढावर भरलेला हौदा घेऊन ती अडकणार.

मऊ मागच्या सस्पेन्शनचं काय होतं हे नवाराने दाखवलंय. डी२३ पिढीच्या डबल कॅबला निसानने पाटे काढून पाच लिंकांची कॉइल स्प्रिंग दिली. रिकामी गाडी छान, वजन टाकलं की मागून बसायची. निसानने कॉइल बदलल्या, पुन्हा बदलल्या, शेवटी भार वाढेल तशी ताठ होणारी स्प्रिंग दिली. मर्सिडीजने याच पायावर २०१७ मध्ये एक्स-क्लास आणली, २०२० मध्ये बंद केली.

मागची_सीट

म्हणजे निसानने ती दुरुस्त केली. हे कॉइलच्या विरोधात कसं गेलं? टाकोमा या टोयोटाच्या दुसऱ्या पिकअपच्या बहुतेक आवृत्त्यांना आता मागे कॉइलच आहे. आणि चिखलातल्या चढाचं म्हणाल तर तो ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे त्यांनी डी-मॅक्स घ्यावी, मी अडवत नाही. बाकीच्यांनी न येणाऱ्या चिखलासाठी रोज पाठ का मोडून घ्यायची?

काजळी

विश्वासार्हतेची चर्चा नावांवर चाललीय म्हणून थोडं इंजिनाबद्दल. आजच्या डिझेल पिकअपमध्ये सगळ्यात नाजूक जागा म्हणजे डीपीएफ, धुरातली काजळी धरणारा फिल्टर. साठलेली काजळी जाळायला त्याला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावं लागतं. रोज दोन-तीन किलोमीटर धावून बंद होणारी गाडी कधी तापतच नाही. फिल्टर तुंबतो, जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. अशा वापराला हायलक्सही नको, रेंजरही नको. पेट्रोल घ्या. निसानच्या फ्रंटिअर पिकअपचं ३.८ लिटर व्ही६ बिनटर्बोचं आहे, अशा कामाला ते उत्तम.

आणि 'हायलक्स म्हणजे डोळे मिटून घ्या' असं नका म्हणू. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० दरम्यान विकलेल्या डिझेल हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर या अडीच लाखांहून जास्त गाड्यांच्या डीपीएफमध्ये दोष होता, असं ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये ठरवलं. तो दोष उघडा पडायचा ताशी १०० किलोमीटरच्या सलग धावेत, म्हणजे जिथे फिल्टर स्वतःहून साफ व्हायला हवा तिथेच.

पाटेवाला

तो काळ आणि तो भाग सोडून बोला. इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस यांबद्दल तक्रार आहे का?

काजळी

चेसिसबद्दलही होती. जुन्या टाकोमांच्या चेसिस गंजल्या म्हणून अमेरिकेत २०१६ मध्ये टोयोटाला ग्राहकांच्या दाव्यात मोठी तडजोड करावी लागली. नाव बघून नाही, वर्ष आणि इंजिन बघून घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

प्लग_पॉइंट

छोट्या फेऱ्यांना प्लग-इन हायब्रिड (प्लग लावून बॅटरी भरायची, शिवाय इंजिनही) का नाही? बीवायडीची पिकअप शार्क २०२४ मध्ये आली. रोजचं धावणं बॅटरीवर, मागेही स्वतंत्र सस्पेन्शन, आणि साइटवर ड्रिल-कटर गाडीच्याच विजेवर चालतात. टोइंग २५०० किलो, बहुतेकांना पुरेसं.

ओझेकरी (धागाकर्ता)

@प्लग_पॉइंट, पेलोड ८०० किलोच्या आत आहे. अडीच टनांच्या ट्रेलरचा हुकावरचा भार २५०, उरले साडेपाचशे. चार माणसं आणि हत्यारं धरली की काठावर. एकट्या इलेक्ट्रिशियनला उत्तम, पाच जणांच्या टोळीला अपुरी.

@लांबपल्ला, राखीव दमाचं पटतं, पण तो दम पेलोडमध्येही हवा ना? व्ही६ इंजिन जड, दहा गिअरची पेटी जड. चढ चांगला चढेल, पण वजनकाट्यावर तुमची भरलेली रेंजर मर्यादेत निघेल याची खात्री आहे का? व्हीलबेसचा मुद्दा चांगला आहे, तो निवडीत धरायलाच हवा.

@मागची_सीट, हौदा बहुतेक वेळ रिकामा राहणार असेल तर तुमचं सगळं मान्य. पण मग मला प्रश्न पडतो की अशा माणसाने पिकअप घ्यावीच कशाला? भार वाहण्यासाठी घेतलेल्या गाडीची परीक्षा भारासकटच झाली पाहिजे.

ज्यांनी गाडी आधीच घेतलीय त्यांना विनंती: प्रवासाला निघता तशी, माणसांसकट, टाकी भरून, ट्रेलर जोडून वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागचं अॅक्सल काट्यावर ठेवून. मागच्या अॅक्सलची मर्यादा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये छापलेली असते. एकूण वजन मर्यादेत असून मागचं अॅक्सल ओलांडलेलं असू शकतं, कारण हुकावरचा भार अॅक्सलच्या मागे लोंबतो आणि तरफेसारखा पुढच्या चाकांचा भारही मागे आणतो. हुकावर ३५० किलो असतील तर मागच्या अॅक्सलवर त्याहून जास्तच पडतात.

मागची_सीट

"पिकअप घ्यावीच कशाला" याचं उत्तर देते. सायकली, मातीच्या गोण्या, जुनं कपाट, ओला कुत्रा. यातलं काहीच टनभर नसतं आणि यातलं काहीच एसयूव्हीच्या गालिच्यावर नको असतं. ही गरज खोटी नाही.

लांबपल्ला

गाडी घेतली की काट्यावर नेईन. मागचं अॅक्सल जास्त भरलं तर कॅनपी उतरवेन, व्ही६ नाही.